उलटा गालिचा

माझ्या वडिलांनी जन्मभर चादरी विणल्या आणि मला घरासाठी एक गालिचा निवडता येईना. सोलापुरात ही लाजच म्हणायची. गेल्या वर्षी अप्पांना, म्हणजे वडिलांना, आम्ही आमच्या फ्लॅटवर राहायला आणलं. आई गेल्यापासून ते शहराच्या पूर्व भागातल्या आमच्या जुन्या दोन खोल्यांत एकटेच होते. आमच्या हॉलची फरशी अशी गुळगुळीत, की पहिल्याच आठवड्यात ते दोनदा घसरले. लागलं नाही, पण दुसऱ्यांदा उठता उठता म्हणाले, “मला माज्या घरी सोड. लेकीच्या घरी किती दिस ऱ्हायचं?” मी सोडणार नव्हते. एकट्या माणसाला काही झालं, तर कळणार कुणाला? त्यांना इथं ठेवायचं, तर पायाखाली काहीतरी अंथरायलाच हवं होतं.

नवरा म्हणाला, तागाचा घे. मैत्रीण म्हणाली, ताग पायाला टोचतो, लोकरीचा घे. लोकरीचा म्हटलं, तर आमचा उन्हाळा डोळ्यांसमोर आला. मग सतरंजी? ती त्या फरशीवर माणसासकट सरकते. दुकानदाराने वर विचारलं, “मॅडम, सोफा कुठल्या रंगाचा आहे?” सोफ्याचा काय संबंध, ते मला अजूनही कळलेलं नाही. त्याने आखूड लवीचे, लांब लवीचे, फुलांचे, चौकटीचे एकावर एक उलगडले, आणि चौथा बघताना मला पहिला कसा होता तेच आठवेना. डोकं भणाणलं आणि मी हात हलवत घरी आले.

शेवटी अप्पांनाच दुकानात नेलं. ते खुर्चीवर बसले, प्रत्येक गालिचा उलटा करायला लावला आणि पाठीवरून बोटं फिरवली. एकावर थांबून म्हणाले, “ह्याची वीण घट्ट हाय की.” रंग विचारला, तर म्हणाले, “तुला आवडंल त्यो घे.” मला रागच आला. एके काळी तांबड्याच्या दोन छटांवरून हा माणूस कारखान्याच्या मालकाशी भांडून घरी आला होता, आणि लेकीच्या घरासाठी रंग सांगायला याचं तोंड उघडत नव्हतं. त्या रागातच मी त्या घट्ट विणीतला गर्द तपकिरी, जवळजवळ काळाच म्हणावा असा उचलला. धूळ दिसणार नाही, एवढीच त्याची खासियत.

गालिचा अंथरला, पण अप्पा त्यावर पाय ठेवीनात. भिंतीला हात लावून, कडेला उरलेल्या हातभर फरशीवरून जायचे. घसरू नयेत म्हणून गालिचा आणला, आणि ते घसरायची जागा शोधून चालत होते. नवरा वैतागला. मला मात्र भरून आलं. विणकराच्या घरात आम्ही असेच वाढलो होतो. सुताला चुकून पाय लागला, तर वाकून नमस्कार करायचा. विणलेल्या कापडाची सुलट बाजू तुडवलेली अप्पांना खपायची नाही. ह्या वयातही तो मान त्यांच्या पायांत आहे, असं मी शेजारणीला कौतुकाने सांगितलं. मग मला युक्ती सुचली. मी गालिचा उलटा अंथरला, गर्द बाजू खाली आणि पांढरट पाठ वर. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा हॉलच्या मधून सरळ चालत बाल्कनीत गेले. त्या दिवशी नवऱ्याला मी “विणकराची लेक आहे मी” हे किमान चारदा ऐकवलं असेल.

दोन महिने आमच्याकडे गालिचा उलटा होता. पाहुणे हसायचे आणि मी अभिमानाने कारण सांगायचे. पण अप्पांचं “घरी सोड” काही थांबेना. घसरणं थांबलं, जेवण वेळेवर मिळतंय, मग राहिलं काय? मला उमगत नव्हतं. विचारलं, की तेच उत्तर, लेकीचं घर.

मग एका रविवारी नवऱ्याचे साहेब चहाला येणार होते, म्हणून नवऱ्याने गालिचा सुलटा केला. मी ओट्यापाशी होते. अप्पा दुपारची झोप काढून बाहेर आले आणि गालिच्याच्या काठाशी थबकले. मला वाटलं, आता हात जोडतील. त्यांनी दाराची चौकट धरली, एक पाय पुढे केला आणि विहिरीची पायरी उतरावी तसा हळूहळू खाली सोडला. पाय लगेच टेकला, तसे ते दचकले.

“अप्पा, काय झालं?”

“हितं काळं दिसतंय बग. खड्डा हाय का पायरी, काय कळत न्हाय.”

मी गाळणी खाली ठेवली. “तुम्हाला दिसत नाही?”

“काळं-पांढरं कळतं की. मधलं न्हाय कळत.”

“कधीपासून?”

“तुजी आई हुती तवापासनं. तिला म्हाईत हुतं.”

“मग मला का नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं, तर तू मला आदीच आनलं असतंस हितं.” ते चौकट सोडायला तयार नव्हते. “तिकडं मला डोळं लागत न्हाईत गं. दारापासनं मोरी सा पावलं, मोरीपासनं खाट चार. आपलं आपन हिंडतो. हितं पानी प्यायला बी तुला हाक माराय लागती. आता तरी सोड मला.”

इतके दिवस नाही म्हणणं सोपं होतं. आता लाज वाटत होती आणि रडू येत होतं. दिसत नाही अशा बापाला एकटं सोडायचं, की जिथं त्याला पाणीसुद्धा आपलं आपण घेता येत नाही तिथं ठेवून घ्यायचं? मी जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

“सांग की,” अप्पा म्हणाले. आपण माझ्या चेहऱ्याकडे बघतोय असं त्यांना वाटत होतं, पण त्यांची नजर माझ्या खांद्याच्या बाजूला, रिकाम्या भिंतीवर होती.