तक्त्यात नसलेली पॅसेंजर

बाबा रेल्वेच्या कचेरीत आकडेमोडीच्या खात्यात होते. कोणत्या गाड्या वेळेवर आल्या, कोणत्या रखडल्या, याचा तक्ता ते दर महिन्याला तयार करत आणि तो थेट दिल्लीला जाई. आकडा चांगला आला की स्वारी खुशीत. सगळ्या देशाच्या गाड्या आमच्या नागपूरच्या अजनीतल्या क्वार्टरातूनच सुटतात, असा त्यांचा रुबाब.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझं डी.एड. झालं होतं आणि नागपुरातल्याच एका मुलींच्या शाळेनं मुलाखतीला बोलावलं होतं. तिकडे अमरावतीचं एक स्थळ हात धुऊन मागे लागलेलं. मुलगा मला मुळीच आवडला नव्हता. बाबांनी सांगून टाकलं होतं, नोकरी लागली तर लग्नाचा विषय काढणार नाही, नाही लागली तर अमरावतीला होकार कळवणार. मी रोज देवापुढे नोकरी मागत होते.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी नरखेडजवळच्या गावी आत्याकडे बारसं होतं. दुसऱ्या दिवशी मुलाखत अकराची; सकाळी निघताना फाट्यावर नागपूरची एसटी उभीच होती.

"बाबा, एसटीनंच जाऊ ना."

"पास असून तिकीट काहून काढाचं वं? अकराच्या आत पोचून जाऊ."

रेल्वेवाल्यांच्या घरात हा धर्मच होता. पास असताना एसटीत बसणं म्हणजे घरी स्वयंपाक तयार असताना खानावळीत जेवणं. मी मुकाट्यानं त्यांच्या मागे स्टेशनवर गेले.

काटोल सुटल्यावर एका लहानशा स्टेशनात आमची पॅसेंजर बाजूच्या रुळावर घेतली आणि तिथंच ठेवली. डब्यात मुंगी शिरायला जागा नाही. संत्र्यांच्या टोपल्या, रडणारी पोरं, बंद पडलेला पंखा. उतरून जाणार कुठं? रस्ता दूर, मधे शेतं. मागून मेल आली आणि धडधडत पुढे निघून गेली. बाबांनी घड्याळ पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"पाह्यलं? मेल राइट टाइम आहे."

मला वाटलं, आता सुटेल. पण अजून एक एक्स्प्रेस यायची होती. ऊन चढत होतं, इस्त्री केलेलं पातळ घामानं अंगाला चिकटलं होतं आणि मला ओरडावंसं वाटत होतं.

"बाबा, आपल्या गाडीचा उशीर तुम्ही कुठं लिहिता?"

"त्या तक्त्यात पॅसेंजर नसते. मेल-एक्स्प्रेसच धरतेत."

"काहून?"

"वरून तसंच सांगतलं आहे."

म्हणजे आम्हाला इथं बसवून ठेवलं, म्हणूनच तो आकडा चांगला येत होता. एवढी डबे भरभरून माणसं, आणि आमचा उशीर हा उशीरच नव्हता. मला बाबांचा इतका राग आला, की मी खिडकीकडे तोंड फिरवलं ते नागपूर येईपर्यंत वळवलंच नाही.

शाळेत पोचलो तेव्हा मुलाखती आटोपल्या होत्या. साहेब मंडळी जेवायला गेली होती आणि कारकून खुर्च्या आवरून घेत होता. बाबा त्याच्यासमोर हात जोडून उभे राहिले. साऱ्या जन्मात जे वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं, ते त्यांनी उच्चारलं.

"गाडी लेट झाली हो, भाऊ. पोरीचं नुकसान करू नका."

कारकुनानं मान वर केली नाही. "सगळे हेच सांगतेत, काका."

रिक्षात बसल्यावर बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता म्हणतील, जाऊ दे, अजून एखादी जागा पाहू. ते म्हणाले, "अमरावतीले आजच पत्र टाकतो."

पुढच्या रविवारी अमरावतीचे पाहुणे सांगितलेल्या वेळेच्या आधीच दारात हजर होते.