गाडीच्या मनातली थंडी

अंदाजरावांचं खरं नाव गल्लीत कोणाच्या लक्षात नव्हतं. नळाला पाणी का नाही, वीज का गेली, समोरच्यांचं भांडण कशावरून झालं, काहीही विचारा, ते दोन्ही हात पाठीमागे बांधून "माझा अंदाज असा, की..." म्हणून सुरू होत. न विचारताही होत. पोटापाण्याला त्यांची डिझेलची पिकअप होती. सकाळी शहराबाहेरच्या पोल्ट्रीतून अंड्यांचे ट्रे भरायचे आणि दुकानोदुकानी पोचवायचे. हे काम मात्र ते जिवापाड सांभाळून करत. गाडी अशी हाकत, की अंडी सोडा, ट्रेवरची धूळसुद्धा हलू नये.

थंडी पडली आणि पिकअपने नखरे सुरू केले. सकाळी सेल्फ मारला की गाडी नुसती कण्हायची. बऱ्याच वेळाने एखादा आचका देऊन सुरू व्हायची, पांढरा धूर सोडायची आणि पुन्हा गप्प. एकदा धावायला लागली की दिवसभर शहाण्यासारखी वागायची. पोल्ट्रीवाल्याचा रोज फोन. "अहो, माझ्या कोंबड्या वेळेवर उठतात, तुमची गाडी का उठत नाही?"

"माझा अंदाज असा, की इंजिनाला गारठा बाधतोय," अंदाजरावांनी जाहीर केलं आणि घरातली चांगली दुलई बॉनेटवर पांघरली. त्यांच्या बायकोने कपाळाला हात लावला. सकाळी गाडी सुरू झाली नाहीच, दुलईला मात्र ग्रीसचा वास लागला तो कायमचा.

मग त्यांचा मेहुणा आला. त्याचं बॅटऱ्यांचं दुकान. त्याने बॉनेट उघडायच्या आधीच निदान केलं. "भाऊजी, बॅटरी गेली." नवी बॅटरी बसली. गाडी आता दुप्पट जोराने कण्हायला लागली.

मेकॅनिककडे नेली, तर त्याच्याकडे नुकतेच हीटर प्लग येऊन पडले होते. साहजिकच दोष हीटर प्लगमध्ये निघाला. "काका, डिझेल गाडीला सकाळी हाच प्लग गरम करतो. हा मेला की गाडी मेली." चारही प्लग बदलले. गाडी मेली नाही, पण उठलीही नाही. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई तेवढ्या काही विकत नव्हत्या. त्यांनी "गाडीला शिस्त नाही" एवढंच सांगून खिडकी लावून घेतली.

एका सुटीच्या दिवशी गाडी सकाळपासून उभी होती. दुपारी लख्ख ऊन, बॉनेटला हात लावला तर चटका बसावा. अंदाजराव चावी फिरवायला गेले, तर तेच कण्हणं.

"अहो, आता कुठे थंडी आहे?" बायकोने विचारलं.

"बाहेर नाही. गाडीच्या मनात आहे," अंदाजराव म्हणाले आणि सेल्फ मारत राहिले.

त्यांची गल्ली चढाची. ते नेहमी खालून येत आणि नाक चढाकडे करून गाडी लावत. त्या आठवड्यात खालच्या तोंडाशी रस्ता खणून ठेवला, म्हणून त्यांना वरून यावं लागलं आणि गाडीचं नाक उताराकडे झालं. दुसऱ्या दिवशी पहिल्याच सेल्फला गाडी सुरू! अंदाजराव दचकलेच.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. अंदाजरावांच्या मते वारा वरून येतो, तो आता इंजिनाच्या तोंडावर न बसता पाठीवर बसतो. मेहुण्याने फोनवर सांगितलं, की बॅटरी मुरायला वेळ लागतोच. मेकॅनिक म्हणाला, प्लग आता सेट झाले. श्रेय घ्यायला एवढी माणसं जमली, की गाडीच्या वाट्याला काही उरलंच नाही. गल्लीतल्या लोकांनीही आपापल्या गाड्या भराभर उताराकडे वळवल्या.

पण बायकोला अंगणासमोर तेलकट डाग दिसायला लागला. रोज घासावा, रोज पुन्हा तिथेच. ओघळ बाईंच्या पायरीपर्यंत गेला. "तुमच्या घरातून डिझेल वाहतंय," बाईंनी खिडकीतून सुनावलं.

"अहो, गाडीतून गळतंय काहीतरी," बायको म्हणाली.

"जुना डाग असेल."

तिने रात्री एक पुठ्ठा गाडीखाली सरकवला आणि सकाळी त्यांच्यापुढे धरला. त्यावर ओला, गोल डाग.

"गाडीला घाम येतो," अंदाजराव म्हणाले.

"थंडीत?"

 घाम सिद्ध करायला ते बनियनवर गाडीखाली शिरले, तोंड वर करून निरखायला लागले आणि एक थेंब नेमका ओठावर पडला. थूथू करत त्यांनी त्याचा माग काढला. फिल्टरपाशी रबराचा वीतभर पाइप होता. टाकीतलं डिझेल त्यातून वर येतं. बोटाने दाबला तर त्यावर बारीक चिरा उघडल्या.

बराच वेळ ते पाइप दाबत आणि सोडत राहिले.

"अहो, बरे आहात ना?" बायको वाकली.

"नाक वर असलं की डिझेल मागे टाकीत उतरतं," ते हळूहळू म्हणाले, "आणि या चिरांतून पाइपात हवा शिरते. नाक खाली असलं की डिझेल इथेच राहतं, पण चिरांतून बाहेर गळतं. गाडी नुसती उभी राहिली तरी पुरे. थंडीचा काही संबंधच नाही."

"मग बाहेर या. गार लागेल."

ते बाहेर आले तेव्हा त्यांचं तोंड डिझेल प्यायल्यासारखं झालं होतं, आणि थोडं प्यायलेही होते. त्यांनी स्वतः नवा पाइप आणला, दोन्ही टोकांना क्लिपा आवळल्या, फिल्टरवरचा छोटा हातपंप दाबून पाइपातली हवा काढली. रस्ता बुजवला गेला त्या दिवशी मुद्दाम चढाकडे नाक करून गाडी लावली. सकाळी चावी फिरवताना बायको दारात उभी होती. गाडी लगेच सुरू झाली. जाताना त्यांनी हॉर्न वाजवला. एरवी तिला पाहून त्यांनी कधी हॉर्न वाजवल्याचं तिला आठवत नव्हतं.

गल्लीतल्या गाड्या अजून उताराकडेच तोंड करून उभ्या असतात. कोपऱ्यावरच्या शिंप्याने तर विचारलं, "माझी पेट्रोलची आहे, तरी चालेल ना?" खरं सांगायला अंदाजरावांची जीभ रेटेना. "चालेल," ते म्हणाले, "नुकसान काही नाही."

संध्याकाळी साबण आणि ब्रश घेऊन ते बाईंच्या पायरीवर बसले. खिडकी उघडली.

"काय निघालं शेवटी?"

"रबराचा तुकडा, बाई. चिरला होता."

"आणि तुम्ही दुलई पांघरत होतात."

"हो."

बाई चष्मा लावून पायरीकडे बघत राहिल्या. "डाव्या कोपऱ्यात राहिलंय अजून."

अंदाजराव डाव्या कोपऱ्याकडे सरकले आणि घासायला लागले.