चादरीवरचे दोन मोर
ट्रंक उघडली, डांबरगोळ्यांचा वास आला आणि लग्नाच्या चादरीवर हात पडला. तेव्हा मुंबईत कॉम्प्युटर शिकणाऱ्या दादाने माझ्या लग्नाच्या चादरीसाठी पिसारा फुलवून एकमेकांकडे बघणारे दोन मोर काढायचं ठरवलं होतं. एक मोर एक-शून्यांच्या तक्त्यात मांडायचा, तो आरशातल्यासारखा उलटवायचा आणि शेजारी मूळ मोर जोडायचा, सगळं एका ओळीच्या आज्ञेत. छापून आलेल्या तक्त्यावरून वडिलांनी, आप्पांनी, मागावर नक्षी उतरवणाऱ्या जकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडली. सुताला लावलेल्या खळीच्या वासात माग खडखडत होता. पाय झाले, पिसारे अर्धे भरले, माना उमटल्या आणि आप्पांचा हात थांबला. आई बघायला वाकली. दोन्ही माना एकाच बाजूला! एक मोर दुसऱ्याकडे बघतोय आणि दुसरा तोंड फिरवून पलीकडे. "लग्नाची चादर हाय की रं ही!" आप्पा ओरडले. दादाने छापलेला तक्ता पुन्हा उलगडला. "कॉम्प्युटरची ती भाषा ओळ उजवीकडून वाचत येते, आप्पा. एकच मोर उलटावा म्हणून त्याच्याभोवती कंस घालायचा, तो मी विसरलो. तिनं आधी दोन्ही जोडले, मग सगळंच उलटवलं." लग्न तोंडावर आलेलं, दुसरी विणायला वेळ कुठला? तीच घेऊन मी सासरी गेले. आज, हे गेल्यानंतर पहिल्यांदाच, ती पलंगावर अंथरली. माझ्या बाजूचा मोर अजून त्यांच्या बाजूकडे बघतोय.