चार नंबरचं जनुक

धोंडिराम खरात बारा वर्षं रोजंदारीवर होता. दर एकोणनव्वद दिवसांनी त्याला आठ दिवस घरी पाठवत. कार्यालय याला खंड म्हणे. नव्वदावा दिवस भरला तर माणूस कायम करा म्हणेल, अशी भीती. त्यामुळे बारा वर्षांत त्याचा नव्वदावा दिवस कधी उगवलाच नाही. खंडात तो माण तालुक्यातल्या आपल्या गावी जाई, बायकोला, अंजनाला, तोंड दाखवी, शेरडं मोजी आणि परत येई.

वाईहून घाट चढून गेलं की डोंगरउतारावर हे फळ संशोधन केंद्र होतं. तीन अधिकारी, दोन जीपगाड्या, त्यातली एक चालती, अकरा मजूर आणि पर्सिमनची सहा झाडं. ही झाडं कुण्या जुन्या साहेबाने उत्तरेच्या डोंगरांतून आणवली होती. फळ दिसायला टोमॅटोसारखं, डोक्यावर चार पाकळ्यांची हिरवी टोपी. मजूर त्याला जपानी टोमॅटो म्हणत. कडक असताना खाल्लं तर जीभ चामड्याची होई. मऊ पडलं की मधासारखं लागे, पण मग पुण्यापर्यंतसुद्धा पोचत नसे. म्हणजे पोचणारं फळ खाता येत नव्हतं आणि खाण्याजोगं फळ पोचत नव्हतं. अशा फळावर संशोधन दीर्घकाळ चालतं.

डॉ. सन्मती चौगुले त्र्याण्णव साली तिथे रुजू झाले. सांगलीकडच्या द्राक्षबागायतदाराच्या घरचे. द्राक्षं सोडून हे कसलं फळ, असं त्यांचे वडील प्रत्येक पत्रात विचारत. परदेशात कुणीतरी टोमॅटोतलं एक जनुक दाबून त्याचं पिकणंच थांबवलं, असं सरांनी वाचलं होतं आणि तेव्हापासून त्यांची झोप उडाली होती. ऐकायला दुसरं कुणी नसल्यामुळे ते धोंडिरामला सांगत.

"तोडलेलं फळ मेलेलं नसतं, धोंडिराम. ते आतून एक वायू सोडतं. त्या वायूचा इशारा मिळाला की आतल्या भिंती विरघळतात आणि फळ मऊ पडतं. इशारा कधी द्यायचा हे त्याच्या बीजातच लिहिलेलं असतं."

"म्हंजी फळ सोताच सोताला नासवतं?"

"नासवत नाही. पिकवतं."

"आमच्या भावकीत बी आसंच हाय."

फळाचा कडकपणा मोजायचं यंत्र दुरुस्तीला पुण्याला गेलं होतं, ते तिथेच स्थायिक झालं. मग धोंडिरामचा अंगठा हे यंत्र ठरलं. रोज सकाळी तो सहा झाडांच्या सहा ट्रेंतली फळं दाबी आणि सांगे, "कडक," "बरं," "मऊ," "गेलं." सर नोंदवहीत लिहून घेत. तीन हंगाम तेच घडलं. पाच झाडांची फळं आठवड्यात गेली आणि चार नंबरच्या झाडाची वीस दिवस कडक राहिली. सरांनी हे जनुक प्रत्यक्षात पाहिलं नव्हतं. ते पाहण्याची सोय आसपासच्या तीन जिल्ह्यांत नव्हती. पण त्यांची खात्री पटली.

शहाण्णवच्या पावसाळ्यात कागद पुढे सरकला. नोव्हेंबरात विद्यापीठाची समिती येऊन चार नंबरला वाण म्हणून मान्यता देणार होती. मग त्याची कलमं दोनशे शेतकऱ्यांना जाणार होती. उरलेली पाच झाडं तोडून टाकायची आणि चार नंबरला कुंपण घालायचं. कुंपणासोबत राखणदाराचं एक कायम पद, आणि त्या पदापुढे सरांनी धोंडिरामचं नाव लिहिलं होतं. धोंडिरामने अंजनाला निरोप धाडला की या खेपेला शेरडं विकू नको.

त्या वर्षी खंड नेमका तोडणीत आला. सरांनी कारकुनाला विनवलं. कारकून म्हणाला, "नियमाला हंगाम नसतो, सर." धोंडिराम आठ दिवस माणात बसून राहिला. त्याच्या जागी ट्रे मजुरांतल्याच बनुबाईने सांभाळले.

परतला तेव्हा सर भांडारात स्टुलावर बसले होते. समोर चार नंबरचा ट्रे होता आणि त्यातली फळं बसलेल्या चेहऱ्यांसारखी दिसत होती. बाकीच्या पाचांच्याही आधी ती गेली होती.

"बनुबाय, काय केलंस गं ह्येंला?"

"मी काय करतीया? उलट साफसफाई केली. खिडकीपाशी त्या ट्रेवर तुमचं वलं पोतं हुतं, कुबट वास मारत हुतं. टाकलं काढून."

धोंडिराम खिडकीकडे वळला. चार नंबरचा ट्रे पहिल्या वर्षापासून खिडकीखाली होता. दुपारी ऊन थेट त्याच्यावर येई. माणात उन्हात उघडं ठेवलेलं काहीच टिकत नाही. माणूससुद्धा मुंबईला निघून जातो. म्हणून तो रोज दोनदा गोणपाट भिजवून त्या ट्रेवर टाकी. बाकीचे पाच सावलीत होते, त्यांना कशाला? यात सांगण्यासारखं काही आहे असं त्याला कधी वाटलंच नाही. झाडच गुणाचं आहे, हे त्यालाही पटलेलं होतं.

समितीला अकरा दिवस होते, आणि झाडांवर दुसऱ्या तोडणीपुरती फळं होती. त्याने चार नंबरची अर्धी फळं ओल्या पोत्याखाली ठेवली आणि अर्धी उघडी. एक नंबरचंही तसंच केलं. सहाव्या दिवशी अंगठा लावला. पोत्याखालची दोन्ही झाडांची फळं कडक होती, टोप्या हिरव्यागार. उघडी दोन्ही गेली होती, टोप्या कागदासारख्या वाजत होत्या.

म्हणजे सर तीन वर्षं जे जनुक शोधत होते, ते दिवसातून दोनदा हौदावर जात होतं.

आता फक्त गप्प बसायचं होतं. पोतं भिजवायचं, समितीला कडक फळ दाखवायचं आणि कायम व्हायचं. पण कायम झाल्यावर काय, हे तो दिवसभर खुरपं हातात धरून मोजत राहिला. साठाव्या वर्षापर्यंत पोतं भिजवायचं. रजा नाही, गावची जत्रा नाही, कुणाच्या मातीला जाणं नाही. आणि ती दोनशे कलमं!

दुसऱ्या दिवशी त्याने चारही ढीग सरांपुढे मांडले आणि सांगून टाकलं.

सरांनी स्वतःचा अंगठा लावून पाहिला. पुन्हा पाहिला. टोप्यांवरून बराच वेळ बोट फिरवत राहिले.

"टोपी वाळली की इशारा तिथूनच सुटत असणार," ते स्वतःशीच बोलले. मग एकदम चिडून म्हणाले, "हे नोंदवहीसाठी का नाही सांगितलंत?"

"पोत्याचा रकाना कुटं हाय त्यात?"

सर नोंदवहीकडे पाहू लागले. झाड क्रमांक, तारीख, वजन, रंग, शेरा. रकाने त्यांनीच आखले होते.

"गप्प राहिला असता तर या सोमवारी कायम झाला असता तुम्ही."

"व्हय."

"मग?"

"आवं सायब, दोनशे जणांच्या घरला जाऊन मी कवा पोती भिजवू?"

सर हसले नाहीत. सोमवारी समिती आली. आधी जेवण, मग विश्रांती, मग पाहणी. सरांनी सगळं खरं सांगितलं, पाकळ्या वाळण्यापासून वायूपर्यंत. एकाही सदस्याने फळाला हात लावला नाही.

अध्यक्षांनी विचारलं, "म्हणजे गुण झाडाचा नाही?"

"नाही सर. ओलाव्याचा आहे. पण हा शोधही लहान नाही. टोपी ओली ठेवली तर…"

"झाडाला राखणदार देता येतो, चौगुले. पोत्याला देता येत नाही. तशी तरतूद नाही."

पद रद्द झालं. महिन्याभराने केंद्राला पत्र आलं. सरांनी धोंडिरामला बोलावून ते वाचून दाखवलं: "सदर प्रयोग मानवी हस्तक्षेपामुळे बाधित झाल्याचे दिसून येते. संबंधित मानवाचे नाव तातडीने कळवावे."

"मी माझंच लिहितो," सर म्हणाले. "प्रयोग माझा होता. तुमचं लिहिलं तर ते रोजंदारीही ठेवणार नाहीत."

धोंडिराम टेबलाजवळ उभा होता. हजेरीपटावर तो बारा वर्षं 'मजूर क्रमांक सात' होता.

"माजंच लिवा," तो म्हणाला. "हापिसानं पयल्यांदाच इचारलंय."

"धोंडिराम, काम जाईल."

"आता ऱ्हायलं तरी किती दिस ऱ्हायलं आसतं? एकोणनव्वद. लिवा. धोंडिराम बापू खरात."

सरांनी पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं. धोंडिराम वाकून अक्षरं पाहत होता. त्याला सावकाश वाचता येत असे.

"बापू ऱ्हायलं," तो म्हणाला.

सरांनी मध्ये बाण काढून बापू घातलं.