आयतं भोक

सूनबाईचा बीएस्सीचा एकच पेपर राहिला होता, सेंद्रिय रसायनाचा. आधी लग्नात अडकला, मग बाळंतपणात. औंदा सुटला नाही तर पदवीच हातची जाणार. म्हणून सातवीत शाळा सुटलेली मीसुद्धा तिच्यासमोर बसून ऐकायची. ऐकून ऐकून मलाच पाठ झालं, पण हिच्या काही डोक्यात शिरेना!

मधे कार्बन, त्याला चार बाजूंनी चार जण चिकटलेले. त्यातल्या पुढच्या ब्रोमीनला हाकलून नवा येतो, तो पाठीमागून. मागून रेटा बसला की मागं कललेले बाकीचे तिघं पुढं वळतात. झालं! एवढंच.

तिनं बटाट्याला खराट्याच्या काड्या टोचल्या. शेंगदाणा म्हणजे ब्रोमीन, लसणाची पाकळी म्हणजे नवा. शेंगदाण्याची काडी उपसली, अन् लसूण त्याच भोकात!

"अगं, तो मागून येतो ना?"

"व्हय आत्या, पण भोक आयतं हाय की. नवं कशाला पाडू?"

सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात, एरवी लई गोड वाटतं. त्या दुपारी कान किटले. तेवढ्यात आमचे हे आले अन् बोलता बोलता ब्रोमीन तोंडात टाकलं.

"अहो, उद्या परीक्षा हाय तिची!"

"मग दुसरा दाणा घ्या की. डबा भरलाय."

शेवटी वैतागून मी बटाटा उचलला अन् कणकेचा गोळा तिच्यापुढं आपटला. "आता शोध भोक!"

तिनं काड्या नव्यानं टोचल्या अन् मागून लसूण खुपसला. कणीक मऊ. तिन्ही काड्या हळूच पुढं कलल्या, शेंगदाण्याची काडी ढिली होऊन गळून पडली. ती बघतच राहिली. "अगंबाई! आरशात बघितल्यागत सगळं उलटं झालं की, आत्या!"

दुसऱ्या दिवशी परंड्याहून पेपर देऊन आली.

"आलं का ते?"

"आलं, पण दुसरंच. ब्रोमीन आपणहून आधी निघून जातं, नवा मागाहून येतो, तसलं."

माझं डोकंच फिरलं. "मग तो कुठून आणलास?"

"समोर कुणी उरलंच न्हाय, आत्या. बाकीचे तिघं सपाट पसरतात, दोन्हीकडनं वाट मोकळी. निम्मे इकडनं, निम्मे तिकडनं. मी दोन्ही चित्रं काढली."

"म्हणजे सुटला?"

"सुटला धरा."

"अन् हे दोन वाटांचं मला काल का न्हाय सांगितलंस?"

"तुम्ही बोलू दिलंत कुठं!"