आमसुलांचा पत्ता

आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. इंटरनेटबद्दल मी लिहावं, असा काही माझा अधिकार नाही. ते मला अजून अर्धंच कळतं. शिवाय ही हकिकत लिहायची तर मी एका चांगल्या मुलावर किती जळलो, तेही सांगावं लागणार. ते सांगतो.

तो माझ्या वर्गातला. रत्नागिरीत मांडवीला घर, वडिलांचा आंब्याचा धंदा. ई-कॉमर्सच्या पहिल्याच तासाला सरांनी विचारलं, "स्वतःची वेबसाइट कोणाची आहे?" हात त्याच्या एकट्याचा वर गेला. सरांनी त्याचं पान पडद्यावर उघडलं. पेट्या, कलमं, खाली नागपूरच्या कुणीतरी लिहिलेलं कौतुक. त्याने जरा मिरवलं असतं तरी मला बरं वाटलं असतं. पण तो खाली मान घालून बसला होता, आणि त्याचाही मला राग आला.

एक गोष्ट मात्र मला त्याच्याआधी कळली. सर म्हणाले, इंटरनेटवरून जाणारी माहिती एकसंध जात नाही. तिचे तुकडे होतात, प्रत्येकावर पत्ता असतो, ते मिळेल त्या वाटेने जातात आणि पोचल्यावर पुन्हा जोडले जातात. मला डोळ्यांसमोर आई दिसली. गणपती झाले की चाकरमानी मुंबईला परत निघतात, तेव्हा आई तिथे नोकरीला असलेल्या वडिलांसाठीचं सामान पाच जणांच्या पिशव्यांत विभागून देते. एकाकडे कुळथाचं पीठ, एकाकडे आमसुलं. प्रत्येक पुडीत चाळीचा आणि खोलीचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी. कोणी रेल्वेने जातं, कोणी एसटीने. खोलीत सगळं एकत्र होतं, आणि एखादी पुडी आली नाही तर वडील तेवढीच पुन्हा मागवतात. मी हे वर्गात सांगितलं. सर हसले, "बरोबर!" म्हणाले. तो मागे वळून माझ्याकडे बघत होता. तो दिवस माझा होता.

मग प्रत्येकाने एका घरगुती धंद्याचं पान बनवायचं ठरलं. मी आईच्या बचत गटाचं घेतलं. अकरा बायका उन्हाळ्यात कोकमाचे रातांबे फोडून आमसुलं वाळवतात, आणि दरवर्षी एक व्यापारी येऊन पडेल भावात पोती उचलतो. या वर्षी आई बैठकीत उभी राहिली. "दसऱ्यापर्यंत माल थांबवू या. नेटवर इकू या. माजा पोरगा कालेजात त्येच शिकतो." बायकांनी ऐकलं. म्हणजे त्यांचा वर्षाचा माल माझ्या भरवशावर घरात राहिला.

मी लॅबमध्ये सात नंबरच्या मशीनवर बसून पान केलं. रातांब्याचे फोटो, गटाचं नाव, ऑर्डरचा तक्ता. वरच्या पट्टीत दिसणारा लांबलचक पत्ता अक्षर न् अक्षर उतरवून घेतला, नमुन्याच्या पाकिटांच्या लेबलांवर छापला, आणि गणपतीनंतर ती पाकिटं गावोगावच्या चाकरमान्यांच्या पिशव्यांतून मुंबईला गेली.

माझ्या फोनवर ते पान कधीच उघडलं नाही. पण आमच्या वाडीत रेंज नाही, त्यासाठी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, चढावं लागतं. सड्यावरही उघडेना, तेव्हा मी रेंजलाच शिव्या दिल्या. मुंबईहून वडील फोनवर म्हणाले, "उघडत नाय रे." त्यांनाही मी रेंजच सांगितली.

विहिरीवर काकी रोज विचारायची, "काय रे, आली काय ती तुजी आर्डर?"

"नाय अजून, काकी."

"आमचा ईष्टीचा डायवर बरा. सांजच्याला पोचवतो तरी!"

त्याच सुमारास वर्गात त्याच्या पानावरच्या नव्या ऑर्डरींची चर्चा चालायची. मी कानात बोटं घालायचीच काय ती बाकी होती.

एके दिवशी डब्याच्या वेळी त्याने माझ्याकडचं पाकीट हातात घेतलं. लेबल वाचता वाचता थांबला.

"अरे, हा पत्ता सी ड्राइव्हचा आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे पान लॅबच्या मशीनमध्येच आहे. नेटवर गेलंच नाही. सात नंबरवर बसणाऱ्यालाच दिसेल."

शेजारचा म्हणाला, "मग गिऱ्हाइकांना लॅबमध्येच बोलव की! चपला बाहेर काढायला सांग फक्त." सगळे हसले. तो हसला नाही. "मी चढवून देऊ का? पाच मिनिटांचं काम आहे," म्हणाला. मी नको म्हटलं.

त्या आठवड्यात मी स्वतः शिकलो. पान दिसायचं तर ते कायम चालू असणाऱ्या, मागेल त्याला उत्तर देणाऱ्या मशीनवर ठेवावं लागतं; त्याला सर्व्हर म्हणतात. फुकट जागा शोधली, पान चढवलं. सरांनी सगळ्यांचे पत्ते लॅबच्या फळ्यावर लावले, त्यात माझाही लागला. पण पाकिटं तर चुकीच्या पत्त्यासह कधीच गेली होती. सर म्हणाले, "नवं पान शोधून सापडायला वेळ लागतो. जुन्या, चालत्या पानाने त्याच्याकडे बोट दाखवलं, लिंक दिली, तर लवकर सापडतं. त्याला सांग ना, तुझी लिंक टाकेल."

मी त्याला सांगितलं नाही. दसरा आठ दिवसांवर होता, घरात अकरा जणींचा माल होता, आणि तरी माझ्या तोंडून ते एक वाक्य निघेना. आईला खरं काय ते सांगितलं. ती आमसुलांना वारं देत राहिली. दसऱ्याला माल उचलायला येतो, असा व्यापाऱ्याचा निरोप येऊन गेला होता.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी मी सड्यावर गेलो. फोनला रेंज आली आणि तो थरथरला. ऑर्डर होती. दादरच्या कोणी बाईंची, वीस पाकिटांची. त्यांच्या मागे आणखी चार. तक्त्याच्या शेवटी मी एक रकाना ठेवला होता, 'आमच्याबद्दल कुठून कळलं?' असा. बाईंनी लिहिलं होतं: 'शेजाऱ्यांनी पाकीट दिलं होतं. त्यावरचा पत्ता उघडला नाही, म्हणून गटाचं नाव शोधलं. रत्नागिरीच्या एका आंबेवाल्यांच्या पानावर सगळ्यात वर तुमची लिंक आहे. खाली लिहिलंय, माझ्या मित्राच्या आईची आमसुलं.'