भरतीचं पाणी

तुळसा कुणाचं ऐकायची नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तू शेजारीण असून काय करत होतीस, असं मला पुढे कुणी विचारायला नको.

मिरकरवाड्यात आमच्या दोघींच्या घरांना मधली कुडाची भिंत एकच. तिचा नवरा बाबल्या एकतीस साली दिवाळीच्या तोंडावर मचव्यावर गेला, वादळात सापडला आणि परत आलाच नाही. मचव्याची फळीसुद्धा कुठे किनाऱ्याला लागली नाही. म्हणून तुळसा म्हणायची, "फळी नाय गावली, मग मेला कसा म्हणू?" हातातला चुडा तिने काढला नाही. बायका नाकं मुरडायच्या. मुरडोत मेल्या.

मुंबईला गिरणीत असलेला तिचा दीर गंगाराम, त्याचं पत्र आलं. एकटी बाई बंदरावर राहिलेली बरी दिसत नाही. एखाद्या चांगल्या घरी कायमचं काम मिळालं तर राहा, नाहीतर शिमग्याला येऊन घेऊन जातो. मुंबईला गेली की तो आधी चुडा फोडायला लावणार, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

काम मिळालं ते भाऊसाहेब वकिलांकडे. या माणसाने कुठल्याशा इंग्रजी मासिकात चित्र बघून ओटीवर काचेची पेटी बनवून घेतली होती. लांबी पुरुषभर. काचा मुंबईहून बोटीने आल्या. पेटीत समुद्राचं पाणी भरायचं, तळाला वाळू, आणि खडकातले पट्ट्यापट्ट्यांचे मासे सोडायचे. मासे खायचे सोडून बघत बसायचं! पण तुळसा खूश होती. पाणी आणायचं, माशांना कोलंबी बारीक करून घालायची, एवढंच काम.

चौथ्या दिवशी पाणी गढूळलं, तांदूळ धुतल्यासारखं. मासे दिसेनात. भाऊसाहेब म्हणाले, "तुळसा, हे असं कसं?" तिने सगळं पाणी उपसलं, वाळू सात पाण्यांनी धुतली, नवं भरलं. दोन दिवस लख्ख. मग पुन्हा तेच.

मिरकरवाड्यात भागोजी तांडेल होता, जन्म समुद्रावर काढलेला. तो म्हणाला, "पोरी, हात लावू नको. निवळंल आपोआप." तर ही त्याच्यावर उलटली.

"भागोजीकाका, खडकातल्या डबक्याला कोण नितळ ठेवतं? दर भरतीला नवं पाणी येतं म्हणून ते नितळ. माझ्या पेटीला भरती कुठे हाय? मीच तिची भरती."

भागोजी मान हलवून आपल्या जाळ्याकडे वळला. मला तेव्हा तिचंच खरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आम्ही समुद्राची माणसं, आम्हाला समुद्राचंच गणित कळतं.

त्या दिवसापासून तिने दिवसाच्या भरत्या धरल्या. भरतीची वेळ झाली की ही कळशी घेऊन निघालीच. चढण चढून, डोक्यावर खारं पाणी, मान वाकडी झालेली. जुनं पाणी उपसायचं, वाळू घासायची, नवं ओतायचं. जितकं बदलावं तितकं पाणी जास्तच गढूळ होत चाललं. पातळाच्या चार पदरांतून गाळून झालं. निवळीची बी उगाळून झाली. मासे एकेक करून उताणे तरंगायला लागले. मी म्हटलं, "बाय, चार दिवस बस की घरी." ती माझ्याकडे बघून नुसती रडायला लागली. काय करायचं माणसाने?

रविवारी भाऊसाहेबांचे व्याही पेटी बघायला आले. बघितलं काय, तर पांढरं पाणी आणि एक मेलेला मासा. व्याही हसले. भाऊसाहेब वाईट माणूस नव्हते, पण हसं झालेलं कुणाला सोसतं? दुसऱ्या दिवशी तुळसाला सांगितलं, तू येऊ नकोस. पेटी तशीच ओटीवर पडून राहिली, तिच्याकडे कुणी फिरकलंसुद्धा नाही.

पंधरा दिवसांनी शिमगा आला आणि बोलल्यासारखा गंगारामही आला. तुळसाने बोचकं बांधलं. म्हणाली, "गंगूवैनी, माझी कळशी वकिलांकडे राहिली. मला जाववत नाय."

मी गेले. कळशी ओटीवरच होती. शेजारी पेटी. आत तळाच्या वाळूचा कण न् कण मोजावा इतकं पाणी नितळ, आणि दोन उरलेले पिवळे मासे आरामात फिरत होते. भागोजीची आठवण झाली, तुळसाच्या वाकड्या मानेची झाली, आणि इतका राग आला की कळशी त्या काचेवर घालावीशी वाटली. राग तरी कुणावर काढणार?

घरी आले. गंगाराम बाहेर घाई करत होता, बोट लागायची वेळ झालेली. तुळसाने कळशी हातात घेतली आणि खालच्या आवाजात विचारलं, "पाणी कसं हाय गो?"

मी म्हटलं, "गढूळच हाय."

"बघ," ती म्हणाली. "मी काय करायचं बाकी ठेवलं नव्हतं." आणि चुडा पदराखाली झाकून ती त्याच्या मागून बंदरावर गेली.